रायगड किनाऱ्यावरून तेजोमेघदर्शन : वर्णगाळणीच्या निवडीचा विचार

मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवावयाचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. १८२६ साली स्थापन झालेली ही वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवीत आली होती. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा विजेचा प्रवाह म्हणजे तिच्या नाजूक उपकरणांच्या दृष्टीने अखंड गोंगाटच ठरणार होता. संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस ह्यांच्या कारकीर्दीत चुंबकीय वेधांसाठी अलिबागची जागा मुक्रर झाली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या, १९०६ पर्यंत त्या दोन्ही ठिकाणी समांतर घेतल्या गेल्या, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा कुलाब्याचे हे काम अलिबागेस सुखरूप पोचलेले होते.

नगराच्या विजेपासून दूर जाण्यासाठी शास्त्राने रायगडचा किनारा गाठला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले, आणि जिच्यापासून दूर जावयाचे ती वीज प्रकाशरूपाने खाडी ओलांडून मागोमाग आली. अलिबागच्या पुळणीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता क्षितिजावर मुंबईच्या उजेडाचा घुमट स्पष्ट दिसतो. चुंबकमापक हलविता आले. परंतु प्रत्येक आकाशनिरीक्षकास दर अमावास्येला आपले बिऱ्हाड हलविणे शक्य नसते. म्हणून तो दुर्बिणीच्या नेत्रिकेवर एक रंगीत चकती बसवितो आणि तिच्याकडून हरवलेले आकाश परत मिळण्याची अपेक्षा करतो. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, आणि रास्त असेल तर कोणत्या चकतीकडून, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दांविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. अवकाशातील वायू व धूळ ह्यांच्या विस्तीर्ण ढगास मराठी विश्वकोशाने ‘अभ्रिका’ म्हटले आहे. हौशी निरीक्षकांत मात्र ‘तेजोमेघ’ हाच शब्द रूढ आहे. तो अधिक डौलदार आहे ह्यात शंका नाही, पण जो ढग मुळीच प्रकाशत नाही, केवळ मागील तारे झाकून टाकतो, त्याला ‘कृष्ण तेजोमेघ’ म्हणण्याची पाळी आली म्हणजे वदतोव्याघात पदरी येतो. रूढीचा मान राखून येथे ‘तेजोमेघ’च वापरला आहे. ‘फिल्टर’ ह्या शब्दासाठी ‘गाळणी’ घेतला आहे. शास्त्रीय परिभाषेतील ‘निस्यंदक’ उच्चाराला अवजड असून त्यातून अर्थही अधिक स्पष्ट होत नाही. शिवाय ‘गाळणी’ ह्या शब्दात एक सत्य आपोआप सांगितले जाते. गाळणीने चहाची गोडी वाढत नाही. फक्त चोथा मागे राहतो. दुर्बिणीची गाळणीही आकाशातून आलेल्या प्रकाशात कणभर भर घालीत नाही. ती केवळ वजाबाकी करते. तेव्हा काय वजा होते आणि काय शिल्लक राहते, एवढाच काय तो प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर देण्यासाठी दोन प्रकाशांची ओळख करून घ्यावी लागते, एक तेजोमेघाच्या आणि दुसरा मलिन आकाशाच्या.

तेजोमेघाच्या प्रकाशाचे स्वरूप विल्यम हगिन्स ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६४ साली उघड केले. कालेय तारकासमूहातील एका ग्रहसदृश तेजोमेघाकडे त्याने वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्याप्रमाणे रंगांचा सलग पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा. हा ढग विरळ वायूचा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. त्यांतील एक रेषा हायड्रोजनची म्हणून ओळखू आली, परंतु सर्वांत ठळक अशा हिरव्या रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. तेव्हा त्यांच्यासाठी ‘नेब्युलियम’ असे नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. भाषेच्या अभ्यासकाला हे उदाहरण मनोरंजक वाटेल. शब्द तयार होता, त्याची व्युत्पत्ती निर्दोष होती, तो ग्रंथांतून काही दशके सुखाने नांदला. केवळ त्याने दर्शविलेला पदार्थ विश्वात कोठेही नव्हता. १९२७ साली आयरा बोवेन ह्याने दाखवून दिले, की ह्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. त्या उमटण्यास अणू बराच काळ धक्क्यावाचून राहावा लागतो, आणि इतकी विरळता पृथ्वीवरील प्रयोगशाळेत साधत नसल्यामुळे तेथे त्या पूर्वी दिसल्या नव्हत्या.

निरीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या रेषा चार आहेत. ऑक्सिजनच्या दोन ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीवर आहेत. हायड्रोजनची निळसर हिरवी, जिला हायड्रोजन-बीटा म्हणतात, ती ४८६.१ वर, आणि तांबडी हायड्रोजन-आल्फा ६५६.३ वर. छायाचित्रांतून तेजोमेघ लालभडक दिसतात ते ह्या शेवटच्या रेषेमुळे. डोळ्याचा न्याय वेगळा आहे. अंधाराला सरावलेला डोळा सुमारे ५०७ नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनक्षम असतो आणि तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळा होतो. म्हणजे ज्या ठिकाणी ऑक्सिजन बोलतो त्याच ठिकाणी रात्रीचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो, असे रूपकाने म्हणता येईल. डोळ्याने पाहणाऱ्याने केवळ तांबडी रेषा सोडणारी गाळणी विकत घेऊ नये. ती छायाचित्रकाराची वस्तू आहे.

आता आकाशाचा प्रकाश. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यांवर प्रथम पाऱ्याच्या आणि नंतर सोडियमच्या बाष्पाचे दिवे होते. पाऱ्याचा प्रकाश ४०४.७, ४३५.८, ५४६.१ आणि ५७७ ते ५७९ नॅनोमीटरच्या रेषांत एकवटलेला असतो. सोडियमचा मुख्य भर ५८९ च्या आसपास, पिवळ्या-नारिंगी भागात. उच्च दाबाच्या सोडियम दिव्यांत ४९८ नॅनोमीटरलाही एक रेषा असते आणि ती नेमकी ऑक्सिजनच्या दोन रेषांच्या मध्ये येऊन बसते. पण तो अपवाद. एकंदरीत हे दिवे शत्रू असले तरी शिस्तीचे शत्रू होते. ते कोठे उभे आहेत हे ठाऊक असल्याने त्यांना टाळणारी गाळणी बनविणे सोपे होते. एका काचेवर दोन भिन्न वक्रीभवनांकांच्या पदार्थांचे अतिसूक्ष्म थर निर्वातात एकावर एक चढवीत गेले, की प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने ठराविक तरंगलांब्या परावृत्त होतात आणि ठराविक आरपार जातात. अशा रीतीने पारा व सोडियम ह्यांच्या रेषा अडवून बाकीचा वर्णपट मोकळा सोडणाऱ्या ‘प्रकाश-प्रदूषण गाळण्या’ बाजारात आल्या.

त्यानंतर दिवे बदलले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाची राष्ट्रीय पथदीप योजना सुरू झाली आणि देशभर एक कोटीहून अधिक पथदीप एलईडीचे झाले. पांढऱ्या एलईडीच्या अंतरंगात मुळात एक निळा दिवा असतो, सुमारे ४५० नॅनोमीटरचा. त्याच्या प्रकाशाने एक पिवळे प्रस्फुरक द्रव्य उजळते आणि ५०० च्या पुढून ६५० च्या पलीकडेपर्यंत सलग प्रकाशाची टेकडी उभी राहते. येथे रेषा नाहीत. टाळावयाचे ते सर्वत्र पसरलेले आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ साली पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसविले, तेव्हा ‘राणीचा हार’ निस्तेज झाला अशी ओरड झाली आणि पुढे पिवळसर छटेचे एलईडी लावण्यात आले. नागरिकांच्या नजरेला पूर्वीचा रंग मिळाला. परंतु नजरेला सारखे वाटणारे दोन पिवळे रंग वर्णपटात अगदी निराळे असू शकतात. जणू दोन भाषांत एकाच ध्वनीचे भिन्नार्थी शब्द असावेत. सोडियमचा पिवळा गाळणीला अडविता येतो, एलईडीचा पिवळा तिच्या मोकळ्या खिडक्यांतून आरामात आत शिरतो.

गाळणीच्या निवडीचा निर्णय ह्या एका फरकावर अवलंबून आहे. काही गाळण्या अमुक दिव्याच्या विरुद्ध बनविलेल्या आहेत आणि काही अमुक तेजोमेघासाठी. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे विस्तृत पट्ट्याच्या गाळणीची किंमत तिच्या शत्रूबरोबर टिकते आणि त्याच्याबरोबर संपते. सोडियमचे दिवे जसजसे उतरत आहेत तसतसे ‘प्रकाश-प्रदूषण गाळणी’ हे नाव नेब्युलियमच्या वाटेने चालले आहे: शब्द डबीवर छापलेला आहे, अर्थ मात्र रस्त्यावरून निघून गेला आहे. दुसऱ्या प्रकारात अरुंद पट्ट्याच्या गाळण्या येतात. त्या ४८६ ते ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची एक लहान खिडकी उघडी ठेवतात आणि उरलेला दृश्य वर्णपट बहुतांशी बंद करतात. रस्त्यावर कोणताही दिवा लागो, ऑक्सिजनच्या रेषा आपली जागा सोडीत नाहीत. एवढेच नव्हे, तर पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात निळा सुळका आणि पिवळी टेकडी ह्यांच्यामध्ये ४८० च्या आसपास एक दरी असते आणि अरुंद खिडकीचा एक काठ त्या दरीत येतो. हा लाभ मोठा नाही, पण आहे.

लाभाचे मोजमाप ठोकळमानाने असे करता येते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेची रुंदी सुमारे १०० नॅनोमीटर धरू. आकाशाचा उजेड तीत सलग पसरलेला आहे असे मानले आणि गाळणीने २५ नॅनोमीटरचीच खिडकी ठेवली, तर पार्श्वभूमीचा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. चांगल्या गाळणीतून तेजोमेघाच्या रेषा मात्र दहांत नऊ हिश्श्यांहून अधिक पार होतात. म्हणजे तेजोमेघाचा उठाव जवळजवळ चौपट वाढला. ज्योतिषशास्त्राच्या प्रतींच्या भाषेत ही सुमारे दीड प्रत होय. केवळ ऑक्सिजनच्या दोन रेषा सोडणारी, १२ नॅनोमीटरच्या आसपासची गाळणी घेतली, तर उठाव आणखी वाढतो, परंतु हायड्रोजन-बीटा हातची जाते आणि ज्या तेजोमेघात ती प्रबळ आहे तो उलट फिका होतो. ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे हिशेब अपरिचित नाहीत. आठवडी बाजाराच्या कोलाहलातील बासरीचा एक सूर पट्टागाळणीने वेगळा काढता येतो, कारण सूर एका वारंवारतेवर उभा असतो. बाजारातील एका माणसाची कुजबुज त्याच उपायाने वेगळी काढता येत नाही, कारण ती कोलाहलाइतकीच पसरलेली असते.

ही कुजबुज म्हणजे परावर्ती तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छ. कृत्तिकांभोवतीचे निळसर धुके हे ताऱ्यांच्याच प्रकाशाचे धुळीवरून झालेले परावर्तन आहे. त्याचा वर्णपट ताऱ्याचा, म्हणजे सलग. देवयानी दीर्घिका अब्जावधी ताऱ्यांची बेरीज. ह्यांच्यावर अरुंद गाळणी लावली असता वस्तू आणि पार्श्वभूमी दोन्ही सारख्याच मावळतात. अनेक नवशिके पहिल्या रात्री गाळणी देवयानीवर लावून पाहतात आणि विक्रेत्याने फसविले असा ग्रह करून घेतात. बिचाऱ्या विक्रेत्याचा दोष एवढाच, की त्याने विचारले नाही. दीर्घिकांसाठी एकच गाळणी आहे आणि ती म्हणजे अंतर.

ह्या विवेचनावरून एकच गाळणी घ्यावयाची तर ती अरुंद पट्ट्याची, हायड्रोजन-बीटा आणि ऑक्सिजनच्या दोन्ही रेषा सोडणारी घ्यावी. बाजारात तिला यूएचसी ह्या अक्षरांनी ओळखतात. तथापि ह्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. हेच नाव धारण करणाऱ्या काही गाळण्यांची खिडकी २५ नॅनोमीटरची असते, तर काहींची दुप्पट किंवा त्याहून मोठी. नावाला व्याकरण नाही, व्यापारचिन्हाला कोश नाही; म्हणून डबीवरील अक्षरे वाचण्याऐवजी आतील पारगमनाचा आलेख वाचावा. ४८६, ४९६ आणि ५०१ ह्या तीन ठिकाणी आलेख नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे काय, आणि ५१० च्या पुढे तो तळाला जातो काय, हे दोनच प्रश्न पुरेसे आहेत. आलेख देण्यास नकार देणाऱ्या गाळणीस नकार द्यावा.

दुसरी गाळणी घेण्याची ऐपत असेल तर ती ऑक्सिजनची. हंस समूहातील जालरूपी तेजोमेघ, जो एका प्राचीन ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष आहे, तो मलिन आकाशात गाळणीवाचून दिसतच नाही म्हटले तरी चालेल. ऑक्सिजनच्या गाळणीने मात्र त्याची कमान तंतूतंतूंनी उमटते. कुंभेतील हेलिक्स आणि जंबूक समूहातील डंबेल ह्या ग्रहसदृश तेजोमेघांनाही ती मानवते. हायड्रोजन-बीटाची गाळणी सर्वांत शेवटी. तिची ख्याती मृग नक्षत्रातील अश्वमुखासाठी आहे. पण त्या काळ्या आकृतीमागील पडदा इतका मंद आहे, की तेथे मोठी दुर्बीण आणि खरोखर काळे आकाश ह्यांच्याशिवाय गाळणी काही करू शकत नाही. अलिबागेत ती घेऊन ठेवणे म्हणजे पालखीआधी भोई नेमण्यासारखे आहे.

गाळणी चांगली असूनही निराशा पदरी येण्याचे एक कारण फार मोठे वर्धन हे असते. गाळणी प्रकाश कमी करते, तेव्हा उरलेला प्रकाश जास्त पसरू न देणे शहाणपणाचे. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या झोताचा व्यास ४ ते ६ मिलिमीटर राहील असे वर्धन ठेवावे. २०० मिलिमीटर आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण असेल, तर २५ मिलिमीटरची नेत्रिका ४८ पट वर्धन आणि ४.२ मिलिमीटरचा झोत देते, आणि ह्या कामास ती योग्य होय. १० मिलिमीटरची नेत्रिका लावली, की झोत १.७ मिलिमीटरवर येतो आणि चित्र विझते. तीव्र झोताच्या दुर्बिणींत, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या चौपटच असेल तेथे, कडेचे किरण गाळणीवर सुमारे ७ अंश तिरपे पडतात आणि तिची खिडकी एक नॅनोमीटरभर निळ्या बाजूस सरकते. दृश्य निरीक्षणाच्या गाळण्यांत एवढा सैलपणा असतो. छायाचित्रकारांच्या तीन नॅनोमीटरच्या गाळणीत तो नसतो. ह्याशिवाय डोळ्याला किमान अर्धा तास अंधार द्यावा, डोक्यावरून काळे फडके घ्यावे आणि नजर किंचित तिरपी ठेवावी. गाळणी नेत्रिकेपुढे हाताने आतबाहेर सरकविली तर तेजोमेघ लुकलुकल्यासारखा होऊन चटकन ओळखू येतो, ही जुन्या निरीक्षकांची युक्ती आहे.

उत्तर अक्षांशांवर लिहिलेली मार्गदर्शके रायगडात जशीच्या तशी लागू पडत नाहीत. अलिबागचा अक्षांश सुमारे १८ अंश ३८ कला. उजेडाचा घुमट उत्तरेस मुंबईचा, आणि ईशान्येस नवी मुंबई, उरण व पनवेल ह्यांचा. १९८९ पासूनचे न्हावा-शेवा बंदर, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ ही सर्व त्याच बाजूस आहेत. पश्चिमेस आणि दक्षिणेस समुद्र. किनारा दक्षिणेकडे जाताना किंचित पूर्वेला झुकत असल्याने अलिबागहून थेट दक्षिणेची नजर मुख्यतः पाण्यावरूनच जाते. ह्या काळोखालाही आता भोके पडली आहेत. २०१७ साली केंद्र शासनाने बंदी घातलेल्या एलईडी मासेमारीचा प्रश्न पारंपरिक मच्छीमारांच्या पोटाचा आहेच. क्षितिजावरील त्या पांढऱ्या ठिणग्या निरीक्षकालाही सलतात. तरीसुद्धा दक्षिण ही ह्या किनाऱ्याची उजवी बाजू. नौकातल समूहातील, म्हणजे कराइनातील प्रचंड तेजोमेघ युरोपच्या भूमीवरून कधीच दिसत नाही. अलिबागहून तो एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास क्षितिजापासून जवळजवळ १२ अंश वर येतो. इतक्या खाली वातावरणाचा थर जाड असतो, आणि नेमक्या अशा ठिकाणी अरुंद गाळणीचा उपयोग सर्वांत अधिक जाणवतो.

हंगामाचा विचार करता कोकणी निरीक्षकाच्या वाट्याला एक अन्याय आला आहे. धनू राशीतील एम ८ व त्याच्या शेजारचे तेजोमेघ ज्या महिन्यांत संध्याकाळी माथ्याकडे येतात, ते महिने पावसाळ्याचे. मे महिन्यात पहाटे तीनला उठणाऱ्यास एम ८ दक्षिणेस ४७ अंशांवर सापडतो. उशिरा उठणाऱ्याने आश्विनाची वाट पाहून हंसाकडे वळावे. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास जालरूपी तेजोमेघ जवळजवळ डोक्यावर, म्हणजे घुमटाच्या आवाक्याबाहेर असतो. त्यानंतर मृग येते, आणि फेब्रुवारीत एकशृंगी समूहातील रोझेट.

हवेचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. स्वच्छ हवेत निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा अधिक विखुरतो; ४५० नॅनोमीटरचा प्रकाश ५८९ च्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा पांढरा एलईडी तेवढ्याच उजेडाच्या सोडियम दिव्यापेक्षा आकाश अधिक मळवितो, ही तक्रार साधार आहे. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण दमटपणाने फुगलेले असतात आणि ते सर्वच रंग विखुरतात. उत्तररात्री जमिनीवरून मतलई वारे सुटले म्हणजे आकाश पुष्कळदा निवळते. हिवाळ्यातील ह्या दोन-तीन तासांची बरोबरी कोणतीही गाळणी करीत नाही.

प्रवासाचा पर्यायही ह्याच हिशेबात मांडावयास हवा. अरुंद गाळणीचा दीड प्रतीचा लाभ केवळ स्वयंप्रकाशी तेजोमेघांपुरता आहे. अलिबागहून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अथवा हरिहरेश्वर गाठले असता आकाशातील प्रत्येक वस्तूला लाभ होतो, आणि तेथे नेलेली गाळणी त्यावर आपली भर घालते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले गडद-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. किनाऱ्यावर असे कोणतेही संरक्षण नाही. तेथील काळोख अद्याप केवळ दिवे न लागल्यामुळे शिल्लक आहे.

गाळणीची जपणूक हा भाग पुस्तकांत सहसा एका वाक्यात आटोपतात; कोकणात तसे करून भागत नाही. खाऱ्या दंवाचा थेंब थरांवर वाळला तर त्याचा डाग राहतो, आणि कोरड्या फडक्याने तो पुसू गेल्यास मिठाचे कण थर ओरखडतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग शुद्ध मद्यार्काच्या एका थेंबाने ओलावलेल्या मऊ कापडाने हलकेच टिपावे. जूनच्या आरंभी गाळण्या व नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्यांचा रंग उतरला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. अन्यथा आश्विनात डबा उघडल्यावर भिंगांवर बुरशीची जाळी पसरलेली आढळते आणि ती एकदा थरांत मुरली म्हणजे निघत नाही.